पांढऱ्या कुंपणाखालची काळी माती

मे महिन्याच्या अखेरीस वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यात एखाद्या मोकळ्या प्लॉटवर उभं राहिलं, की पायाखाली भेगांचं जाळं दिसतं. काही भेगांत अख्खा तळहात उभा जातो. तीच जागा ऑगस्टमध्ये चप्पल ओढून घेते. या जमिनीवर घरामागं आडोसा करायचा तर पूर्वी पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड असायचा. तो दर वर्षी नवा बांधायचा, म्हणून जमीन हलली तरी कुणाचं काही बिघडत नसे. पुढे टिनपत्रे आले, हिरवी जाळी आली, विटांचं कंपाउंड आलं. आता परदेशातल्या बंगल्यांमागं दिसणारं पांढरंशुभ्र व्हिनाइलचं कुंपण मोबाइलवर पाहून तसंच आपल्या परसात असावं, असं अनेकांच्या मनात येतं. फळ्या मागवणं त्यातलं सोपं काम. अडचण आहे ती सोबत येणाऱ्या समजुतींची.

सर्वांत आधी येते ती उन्हाची भीती. इथं पारा पंचेचाळिशी ओलांडतो, मग प्लास्टिक वितळणारच, असं लोक म्हणतात. व्हिनाइल म्हणजे मऊपणा आणणारी द्रव्यं न घातलेलं कडक पीव्हीसी. ते साधारण 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. पांढरी फळी ऊन परतवते, त्यामुळे ती त्या टोकाला पोहोचत नाही. गडद तपकिरी फळी मात्र पांढरीपेक्षा बरीच जास्त तापते आणि वाकू शकते, म्हणून वऱ्हाडात रंग निवडणं ही हौसेची बाब उरत नाही. खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यायला हवी: फळी लांबते. हिवाळ्यातल्या पहाटेचे 10 अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी फळीच्या पृष्ठभागावरचे 60 अंश, एवढ्या फरकात 8 फुटांची आडवी पट्टी सुमारे 8 मिलिमीटरने वाढते. खांबाच्या खाचेत तेवढी जागा सोडली नाही आणि पट्टी स्क्रूने आवळून टाकली, तर ती पहिल्याच उन्हाळ्यात धनुष्यासारखी होते. मग दोष प्लास्टिकला लागतो.

उन्हाचा दुसरा परिणाम शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. धुऱ्यावर वर्षानुवर्षं उघडा पडलेला पीव्हीसी पाइप कसा ठिसूळ होतो आणि जरा आपटला की कसा तडकतो, हे त्यानं पाहिलेलं असतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना 1872 मध्ये पीव्हीसी पहिल्यांदा दिसलं, तेच मुळी उन्हात राहिलेल्या काचेच्या भांड्यात पांढरा घट्ट थर जमल्यामुळे. ज्या उन्हात ते जन्मलं, तेच ऊन त्याला पुढे झिजवतं. म्हणून कुंपणाच्या फळीत टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेलं असतं. ते अतिनील किरणं अडवतं. इथंच आणखी एक गोंधळ होतो. छताला आणि भिंतीला लावायचे पीव्हीसी पॅनल बाजारात सहज मिळतात, स्वस्तही असतात. तेच बाहेर ठोकले की झालं कुंपण, असा हिशेब केला जातो. ते पॅनल घरातल्या सावलीसाठी बनवलेले, पातळ आणि पोकळ. बाहेरचं ऊन आणि वारा त्यांना झेपत नाही.

आता खड्ड्याकडे वळू, कारण तेल्हाऱ्यात कुंपण टिकतं किंवा कलतं ते तिथं.

परदेशी व्हिडिओत सांगतात, की हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली खांब न्यावा. आपल्याकडे जमीन गोठत नाही, तेव्हा दीड फूट खड्डा पुरे, असा अर्थ काढला जातो. हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. बर्फ जे काम तिकडे करतो, तेच काम इथं पावसाचं पाणी करतं. काळ्या मातीतली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आक्रसतात. या फुगण्यात उथळ खांब वर उचलला जातो, उन्हाळ्यात त्याच्याभोवती फट पडते, पुढच्या पावसात त्या फटीत पाणी आणि चिखल उतरतो. दोन-तीन पावसाळ्यांत रांग वाकडी. हीच माती इमारतीच्या पायालाही सोडत नाही. तिच्यासाठी रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या पाइलवर काम केलं, ते याच कारणानं. कुंपणाला एवढा खटाटोप लागत नाही, पण त्यातलं तत्त्व जरूर उचलावं: खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. सब्बलीनं घाईत खणलेला खड्डा नेमका उलटा होतो, वर पसरट आणि खाली निमुळता. त्यात ओतलेल्या काँक्रीटला फुगणारी माती बगलेत हात घालून उचलते. जमिनीवर 6 फूट कुंपण असेल तर खाली किमान 3 फूट खांब हवाच. भारी जमिनीत आणखी खाली गेलेलं बरं. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायचा आणि छपराचं पाणी खांबाच्या बुडाशी पडू द्यायचं नाही.

त्या काँक्रीटमध्ये पाणी कुठलं घालायचं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तेल्हारा तालुक्याचा पूर्णा नदीकडचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथल्या विहिरीचं, बोअरचं पाणी पिकाला जाचतं, तसंच लोखंडालाही. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात दर लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावं, असं आयएस 456 हे भारतीय मानक सांगतं. लोखंड नसेल तर ही मर्यादा 2,000 आहे. व्हिनाइलला गंज नाही, उधई नाही, हे खरं. पण पोकळ खांबाच्या पोटात बळकटीसाठी लोखंडी पाइप किंवा गज असतो. खाऱ्या पाण्यात कालवलेलं काँक्रीट त्याला आतून खातं आणि वरचा पांढरा खांब कित्येक दिवस काहीच कळू देत नाही. नळाचं गोडं पाणी दोन ड्रम भरून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय.

आतलं लोखंड वगळून पैसे वाचवावेत असं वाटतं, कारण फळी हलकी असते. खांबाला फळीचं वजन पेलायचं नसतंच, त्याला पेलायचा असतो वारा. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वादळाचा दाब चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरतो. 8 फूट रुंद आणि 6 फूट उंच अशा अखंड फळीवर तो 200 किलोच्या वर जातो, आणि प्रत्येक मधल्या खांबाच्या वाट्याला एवढा भार येतो. मृगाआधीच्या वावटळीत टिनपत्रे उडताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही.

मग विटांचीच भिंत पक्की नाही का? चांगल्या पायावर ती पक्कीच. पण काळ्या मातीवर फूटभर पाया खणून उभी केलेली 4 इंची भिंत अखंड असते, म्हणून जमीन हलली की तिला तडा जातो. कुंपणाचे खांब सुटे असतात, फळ्या खाचेत बसलेल्या; एखादा खांब थोडा हलला तर तो सरळ करता येतो. या एका बाबतीत व्हिनाइलची बाजू वरचढ आहे आणि ती खुल्या मनानं मान्य करायला हवी.

उंचीबद्दलची समजूत अशी, की जागा माझी म्हणजे भिंतही माझ्या मनासारखी. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली 2020 पासून नगरपालिकांनाही लागू आहे. तिच्यात कंपाउंड भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर धरली आहे, 2.4 मीटरपर्यंत जायचं तर वरचा 0.9 मीटर भाग जाळीदार असावा लागतो. म्हणजे 6 फुटांची बंद फळी कुठं चालेल, हे ऑर्डर देण्याआधी नगर परिषदेत विचारलेलं बरं. शेजाऱ्याच्या खिडकीला 20 वर्षं अखंड आणि बिनतक्रार उजेड मिळत आला असेल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं तो त्याचा हक्क बनू शकतो. आणि जुन्या कुंपणाची रेघ म्हणजे हद्द नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेऊन नकाशाची क प्रत हातात आली, की मगच सूत बांधावं.

आगीची गोष्टही स्पष्ट सांगायला हवी. पीव्हीसीत वजनानं निम्म्याहून अधिक क्लोरीन असतं, त्यामुळे ते स्वतःहून भडकत नाही. पण कुंपणालगत पालापाचोळा पेटवला तर फळी वाकते, करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू सोडते. परसातला कचरा जाळण्याची जागा बदलावीच लागेल. कुंपण झालं की वानरं थांबतील, असंही धरून चालू नये; त्यांना 6 फुटांचं काहीच वाटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्यांच्यासाठी कुंपण ही फक्त आणखी एक फांदी.

काम कधी काढावं? रिकामा वेळ असतो म्हणून लोक मे महिन्यात खड्डे खणतात. तेव्हा माती सर्वांत आक्रसलेली असते आणि पावसात तिची सगळी फूग खांबाला सोसावी लागते. दिवाळीनंतर, ओल अजून टिकून असताना खांब रोवले तर पुढची हालचाल कमी राहते. तरीही पहिला पावसाळा गेला, की ओळंबा घेऊन एकेक खांब तपासावा आणि बुडाशी पडलेली फट मुरूम ठोकून बुजवावी.