वकिलाचा हक्क : नाकारला न जाणे आणि प्रत्यक्ष मिळणे

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर चोरीच्या संशयावरून एखाद्या यंत्रमाग कामगारास पोलिसांनी धरले, असे उदाहरणादाखल समजावे. चोवीस तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. कामगार परप्रांतातून आलेला आहे. न्यायालयातील मराठी त्यास पुरती कळत नाही, आणि वकील देण्याइतका पैसाही त्याच्यापाशी नाही. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करवून घेण्याचा हक्क अटक झालेल्या व्यक्तीस नाकारता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम २२ सांगते. परंतु हक्क नाकारला न जाणे ही एक गोष्ट आणि वकील प्रत्यक्ष मिळणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर अमेरिकेत व आपल्याकडे कसे कमी होत गेले आणि ते कोठे शिल्लक राहिले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

कलम २२ चा उगमच मुळी अमेरिकन घटनेशी निगडित आहे. जीवित व स्वातंत्र्य हिरावून घेण्यास न्याय्य प्रक्रिया हवी, असे तेथील घटनेच्या पाचव्या व चौदाव्या दुरुस्त्या सांगतात. हाच शब्दप्रयोग आपल्या घटनेच्या प्रारंभीच्या मसुद्यात होता. १९४७ साली बी. एन. राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांची भेट घेतली; त्यानंतर तो गळाला आणि त्याच्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द आले. म्हणजे कायदेमंडळाने घालून दिलेली पद्धत पाळली की पुरे. ती न्याय्य आहे किंवा नाही हे पाहण्याचे न्यायालयास कारण नाही, असा त्याचा अर्थ लावता येऊ लागला. घटनासमितीत यावर बरीच टीका झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले, तेच आजचे कलम २२. गमावलेल्या संरक्षणाची ती अंशतः भरपाई होती, आणि वकिलाचा हक्क आपल्या घटनेत आला तो या भरपाईच्या रूपाने.

भरपाई तुटपुंजी होती हे लवकरच दिसले. १९५१ सालच्या तारा सिंग खटल्यात, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे म्हटले की, ही आरोपीस दिलेली सवलत आहे. वकील हवा असेल तर त्याने तो मागावा. त्याच वर्षीच्या जनार्दन रेड्डी खटल्यात अमेरिकेतील १९३२ च्या पॉवेल निर्णयाचा दाखला पुढे आला होता. त्या निर्णयाने अलाबामातील, देहान्ताची शिक्षा झालेल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या शिक्षा पुरेसे वकीलसाहाय्य न मिळाल्याच्या कारणावरून रद्द ठरविल्या होत्या. तथापि, केवळ वकील नव्हता एवढ्यावरून खटला रद्दबातल होत नाही, त्यामुळे न्यायाची हानी झाली असे दिसले पाहिजे, अशी भूमिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

खुद्द अमेरिकेतही स्थिती फार निराळी नव्हती, हे अनेकदा विसरले जाते. १९४२ च्या बेट्स निर्णयानुसार राज्यांच्या न्यायालयांत गरीब आरोपीस वकील देणे हे सर्वत्र बंधनकारक नव्हते. विशेष परिस्थिती असेल तरच द्यावा. जून १९६१ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील पनामा सिटी येथे एका बिलियर्डगृहात घरफोडी झाली. नाणी व किरकोळ माल गेला. क्लॅरेन्स अर्ल गिडियन नावाच्या एका फिरस्त्या, निष्कांचन माणसावर आरोप आला. त्याने वकील मागितला. देहान्ताच्या गुन्ह्याखेरीज वकील देण्याची त्या राज्याच्या कायद्यात सोय नाही, असे न्यायाधीशाने सांगितले. गिडियनने स्वतःच साक्षीदार तपासले, स्वतःच भाषण केले, आणि त्यास पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतला. १८ मार्च १९६३ रोजी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी एकमताचा निर्णय सांगितला. बेट्स रद्द झाला. याच ब्लॅक यांनी बेट्स खटल्यात भिन्नमत नोंदविले होते. निर्णयाइतकेच महत्त्व त्यापुढील घटनेस द्यावे लागेल. ऑगस्ट १९६३ मध्ये फेरचौकशी झाली. वकील फ्रेड टर्नर यांनी सरकार पक्षाच्या मुख्य साक्षीदाराची विश्वसनीयता उलटतपासणीत खिळखिळी केली आणि पंचांनी गिडियनला निर्दोष ठरविले. आरोप तोच होता. फरक पडला तो वकिलाचा. पुढे १९७२ च्या आर्गरसिंगर निर्णयाने, कितीही अल्प मुदतीचा तुरुंगवास द्यावयाचा असला तरी हा हक्क लागू केला.

आपल्याकडील वळण महाराष्ट्रातील एका खटल्याने आले, परंतु त्याची कथा अगदी वेगळी आहे. माधव हयवदनराव होस्कोट हे विद्यापीठात अध्यापक. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याचा प्रयत्न केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. सत्र न्यायालयाने दोषी ठरवूनही नाममात्र शिक्षा दिली. १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षे केली. ती पूर्ण भोगून झाल्यावर, चार वर्षांहून अधिक विलंबाने, ते सर्वोच्च न्यायालयात आले. निकालाची प्रतच वेळेवर मिळाली नाही, हे त्यांचे कारण. प्रत तुरुंगात दिली होती, पण दयेच्या अर्जास जोडण्यासाठी परत घेतली, असे सरकारचे म्हणणे. मात्र प्रत मिळाल्याबद्दल कैद्याची सही कोठेच नव्हती.

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अर्ज फेटाळला. होस्कोट हरले. पण त्याच निकालपत्रात असे ठरले की, निकालाची प्रत कैद्यास विनामूल्य व लेखी पोच घेऊन द्यावी, आणि गरिबीमुळे वा बंदिवासामुळे वकील देऊ न शकणाऱ्यास न्यायालयाने लायक वकील नेमून द्यावा, ज्याचा खर्च राज्याने सोसावा. याचा आधार कलम २१ चा होता. मनेका गांधी खटल्यात त्याच वर्षी जानेवारीत, कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे ठरले होते. घटनाकारांनी दाराबाहेर ठेवलेला अमेरिकन विचार अशा रीतीने न्यायालयाच्या अर्थनिर्णयातून आत आला. कलम ३९-अ हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले होतेच. पण ते मार्गदर्शक तत्त्व होते, हक्क नव्हे.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. १९८१ च्या खत्री निर्णयाने हा हक्क दंडाधिकाऱ्यापुढील पहिल्या हजेरीपासून लागू केला. १९८६ च्या सुक दास निर्णयाने मागणीची अट काढून टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०४ सत्र न्यायालयापुरते होते (१ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून यासंबंधीची तरतूद तिच्या कलम ३४१ मध्ये आहे). कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता साहाय्य देणारा १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि तालुक्यापर्यंत समित्यांची रचना झाली.

मग धामणकर नाक्यावरील तो कामगार आज कोठे उभा आहे? २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निर्णयाने याचे उत्तर दिले आहे, आणि ते दोन भागांत आहे. पहिल्या हजेरीच्या वेळी या हक्काची जाणीव देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य असून कसूर केल्यास तो खातेनिहाय कारवाईस पात्र ठरतो. खटल्याच्या अवस्थेत वकील न दिल्यास खटला व शिक्षा दूषित होते. परंतु त्यापूर्वीच्या, म्हणजे रिमांडच्या अवस्थेत वकील नसला तर तेवढ्याने खटला दूषित होत नाही. आरोपीची प्रत्यक्ष हानी झाली असे दाखवून द्यावे लागते. पोलिसांपुढील कबुलीजबाब आपल्या कायद्यात १८७२ पासूनच पुरावा म्हणून अग्राह्य असल्याने, अमेरिकेतील १९६६ च्या मिरांडा निर्णयाचा नियम जसाच्या तसा घेण्याचे कारण न्यायालयास दिसले नाही. हा युक्तिवाद कबुलीपुरता बिनतोड आहे. रिमांड मात्र कबुलीपुरता नसतो; जामीन, कोठडीची मुदत, अटकेची कारणे हे सारे त्याच पहिल्या हजेरीत ठरू लागते. १९५१ साली संपूर्ण खटल्याला लावलेली हानी दाखविण्याची कसोटी आज खटल्याच्या पहिल्या दिवसापुरती उरली आहे, आणि ती हानी दाखविण्याचे काम ज्याच्यावर येते त्याच्यापाशी त्या दिवशी वकील नव्हता.