पेनिसिलिनचे वावडे

प्रतिजैविकाचा रेणू इतका लहान असतो की शरीराची प्रतिकारयंत्रणा एरवी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पेनिसिलिनच्या बाबतीत घोटाळा होतो तो त्याच्या बीटा-लॅक्टम कड्यामुळे. चार अणूंचे हे ताणलेले कडे चटकन उघडते आणि जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराला कायमचे चिकटते. औषधाचा सगळा गुण त्यातच आहे. पण तेच कडे माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांनाही चिकटते आणि औषध लागलेले प्रथिन शरीराला परके वाटू लागते. थोड्या माणसांत त्याविरुद्ध आयजीई वर्गाची प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्वचा, श्वासमार्ग व आतड्यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोवर रुग्णाला काहीही जाणवत नाही. पुढच्या खेपेला औषध आले, की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम बाहेर टाकतात.

या एकाएकी येणाऱ्या प्रतिक्रियेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली दिले. समुद्रफुलाचे विष थोडे थोडे टोचून कुत्र्यांना त्याची सवय होईल, असा त्यांचा होरा होता. झाले उलटेच. आधी विष सोसलेले कुत्रे नंतरच्या अगदी छोट्या मात्रेने दगावले. या कामासाठी रिशे यांना १९१३चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इंजेक्शन घेतल्यावर काही मिनिटांत, गोळी घेतल्यावर बहुधा तासाभरात लक्षणे दिसतात. तळहात-तळपाय खाजू लागतात, अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात. आवाज घोगरा होतो, छातीत घरघर सुरू होते, उलटी होते, रक्तदाब कोसळतो. ‘काहीतरी भयंकर होतंय’ असे रुग्ण आधीच म्हणू लागतो, आणि ते बोलणे घाबरटपणा समजून उडवून लावू नये. दहातल्या एक-दोघांना पुरळ उठतच नाही, तिथे निदान हमखास चुकते. पेनिसिलिनच्या दर दहा हजार उपचारांमागे असा प्रकार साधारण एक ते पाच वेळा घडतो. मृत्यू त्याहून कितीतरी विरळा.

यावर पहिले औषध एकच, अ‍ॅड्रिनलिन. प्रौढ माणसाला एक मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधले अर्धे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचे. उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे मात्र हात आधी अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे जातो. अ‍ॅव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, पण कोसळलेला रक्तदाब सावरत नाही आणि सुजलेला घसा मोकळा होत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला तर तास लागतात. अ‍ॅड्रिनलिनची धास्ती आहे ती शिरेतून दिल्याने हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून. मांडीच्या स्नायूत योग्य मात्रेत दिल्यास तो धोका फार थोडा, उशिराचा धोका मोठा. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर टेकून बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू तर मुळीच नये. रक्त पायांत उतरून हृदय रिकामे पडते आणि रुग्ण जागीच दगावू शकतो. बरे वाटू लागल्यावरही काही तास रुग्णालयात ठेवतात, कारण लक्षणे उलटू शकतात.

भारतात जवळजवळ प्रत्येक दवाखान्याला ठाऊक असलेली एक पद्धत म्हणजे ‘टेस्ट डोस’. नर्स हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचते, उठलेल्या फुगवट्याभोवती पेनाने गोल काढते आणि पंधरा-वीस मिनिटांनी येऊन पाहते. गोल वाढला नाही की पूर्ण इंजेक्शन. खरी त्वचा-चाचणी यापेक्षा काटेकोर असते. तिच्यात पेनिसिलिनचे विघटन होऊन बनणारी द्रव्येही वापरतात आणि तुलनेसाठी शेजारी हिस्टामिन व सलाइन टोचतात. दवाखान्यात अंदाजाने पातळ केलेल्या सेफट्रायक्झोनसारख्या प्रतिजैविकाच्या थेंबाला ती विश्वासार्हता नाही. टेस्ट डोस ‘निगेटिव्ह’ येऊनही रुग्ण कोसळू शकतो. अ‍ॅड्रिनलिन भरायची तयारी जवळ असणे हे त्या गोलापेक्षा कितीतरी मोलाचे.

अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या भीतीची किंमत संधिवाती ताप आलेल्या मुलांनी मोजली आहे. हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते द्यायला डॉक्टर कचरतात. १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत बत्तीस हजारांवर इंजेक्शनांत अ‍ॅनाफिलॅक्सिसचे चार प्रसंग आणि एक मृत्यू नोंदला गेला. झडपा आधीच फार खराब झालेल्या रुग्णांत इंजेक्शननंतरचे काही मृत्यू वावड्यामुळे नसून दुबळ्या हृदयाला भोवळ न सोसल्याने होतात, असे आता मानले जाते. अशांना गोळ्या देणे श्रेयस्कर.

वावड्याची दुसरी जात उशिरा येणारी, आणि म्हणूनच जास्त फसवी. तिच्यात आयजीईचा संबंध नसतो, टी-पेशी उठतात. औषध सुरू केल्यावर चार दिवस ते चार आठवड्यांत ताप येतो, डोळे चुरचुरतात, घसा आणि तोंड सोलवटते. मग अंगावर काळपट लाल डाग उठतात आणि ते खाजण्यापेक्षा दुखतात. बोट फिरवले तर त्वचा ओल्या कागदासारखी सरकते. अंगाचा दहा टक्क्यांहून कमी भाग सोलला तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. तीस टक्क्यांहून अधिक सोलला तर तो टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस. त्यात साधारण तिघांमागे एक दगावतो, आणि वाचलेल्यांच्या डोळ्यांचे दुखणे पुष्कळदा जन्मभर उरते. प्रतिजैविकांपैकी को-ट्रायमॉक्साझोलसारखी सल्फा औषधे यात पुढे. डोळे, तोंड आणि त्वचा एकाच वेळी दुखू लागली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे जळिताच्या रुग्णासारखी शुश्रूषा लागते.

कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारातल्या डॅप्सोनमुळेही असा उशिराचा विकार होतो. बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास ताप, पुरळ, गाठी आणि कावीळ दिसते. एचएलए-बी*१३:०१ हे जनुकरूप असलेल्यांना तो धोका जास्त असतो.

आता उलट बाजू. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांची रीतसर तपासणी केली तर साधारण नऊ जणांना ते चालते. लहानपणी अ‍ॅमॉक्सिसिलिन घेताना उठलेले पुरळ अनेकदा विषाणूचे असते. जुलाब हा दुष्परिणाम आहे, वावडे नव्हे. व्हँकोमायसिन भरभर सोडल्यावर चेहरा-मान लाल होते, तेही वावडे नसते, सलाइनचा वेग कमी केला की भागते. खरे आयजीईचे वावडेही ओसरते. दहा वर्षांत सुमारे ऐंशी टक्के लोकांचे गेलेले असते. पण शिक्का राहतो आणि त्यापायी महागडी, अधिक व्यापक औषधे दिली जातात. सेफॅलोस्पोरिन गटाचीही अशीच विनाकारण धास्ती आहे. पूर्वी दहा टक्के रुग्णांना दोन्ही बाधतात असे शिकवत, प्रत्यक्षात ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातही अ‍ॅमॉक्सिसिलिनशी बाजूची साखळी जुळणाऱ्या सेफाड्रॉक्सिलसारख्या औषधांबाबत जपावे लागते.

म्हणून ‘रिअ‍ॅक्शन आली होती’ एवढे सांगून भागत नाही. औषधाचे मूळ नाव, किती वेळाने काय झाले आणि काय उपचार करावे लागले हे कागदावर हवे, कारण अ‍ॅमॉक्सिसिलिन बाजारात असंख्य नावांनी विकले जाते. भारतात २०१० पासून चालू असलेल्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे रुग्णालाही स्वतः नोंद करता येते, १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर.

खरे वावडे असून दुसरा पर्यायच नसेल, उदाहरणार्थ गरोदर स्त्रीला सिफिलिस असेल, तर रुग्णालयात अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून दर पंधरा-वीस मिनिटांनी ती वाढवत काही तासांत पूर्ण मात्रेपर्यंत नेतात. ही सवय औषध चालू असेपर्यंतच टिकते. मध्ये खंड पडला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. त्वचा सोलणाऱ्या विकारांत मात्र ही वाट बंद असते, तिथे ते औषध जन्मभर वर्ज्य.