बरणीतली धामण

मे महिन्यातली दुपार. कारंजा लाडमधल्या एका घराच्या न्हाणीत धामण निघाली. ती पकडून मी प्लास्टिकच्या बरणीत घातली, झाकणाला भोकं पाडली आणि वनखात्याचा माणूस येईपर्यंत बरणी पत्र्याच्या पडवीत ठेवली. भोकं पाडली म्हणजे काळजी घेतली, असा माझा समज. दीड तासानं पाहिलं, तर धामण मेलेली. गुदमरून नव्हे, उष्णतेनं.

तेव्हापासून ‘थंड रक्ताचा’ हा शब्द मी टाळतो. सापाचं रक्त थंड नसतं, भोवतालाइतकं असतं. आपल्याला घाम येतो, कुत्रा धापा टाकतो; साप फक्त जागा बदलू शकतो. ऊन लागलं की बिळात, गारठा वाटला की तापल्या दगडावर. बरणीत नेमकी तीच सोय आपण काढून घेतो. बहुतेकांना २८ ते ३२ अंश मानवतात. चाळिशीपुढे जीव धोक्यात. आणि विदर्भातला मे सावलीतच ४४ गाठतो!

परदेशात साप पाळणारे पेटीची एक बाजू दिव्यानं ऊबदार आणि दुसरी गार ठेवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं देशी साप घरी पाळता येत नाहीत, हे बरंच आहे. पण पकडलेला साप काही तास तरी आपल्या हाती असतोच. आता मी त्याला सुती पिशवीत, पिशवी हवेशीर डब्यात आणि डबा माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवतो. वनखात्याला कळवतो, उन्हं उतरल्यावरच तो सुटतो. तोवर आई मात्र शेजाऱ्यांकडे पाणी प्यायला जाते.