पाणबुडीच्या मागावर गेलेलं अलिझे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९७१ च्या डिसेंबरात ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवणाऱ्या गिरगाव-दादरच्या पिढीला विमानवाहू 'विक्रांत' आणि युद्धनौका 'खुकरी' ही नावं आजही पाठ आहेत. त्याच भारत-पाकिस्तान युद्धात, १० डिसेंबरला, नौदलाचं एक अलिझे विमान अरबी समुद्रावर पाडलं गेलं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन हे तिघं त्यात होते. त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, आणि जे बोललं जातं त्यात बऱ्याच चुका असतात.

गैरसमज : नौदलाचं विमान, म्हणजे ते पाण्यावर उतरणारं असणार.

वस्तुस्थिती : अलिझे चाकांवर उतरायचं. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात ते जवळून पाहता येतं. जहाजावर जागा कमी लागावी म्हणून पंख दुमडता येतात, आणि डेकवरची तार पकडण्यासाठी शेपटाखाली आकडा आहे. पाण्यावर उतरणारं विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं कॅटालिना.   

गैरसमज : ते 'विक्रांत'वरून उडालं होतं.

वस्तुस्थिती : 'विक्रांत' तेव्हा बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरची विमानं कॉक्स बाझार आणि चितगाववर हल्ले करत होती. पश्चिमेकडची अलिझे विमानं किनाऱ्यावरच्या तळांवरून उडत. मुंबईहून निघालेली 'खुकरी' ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. रॉय यांचं विमान याच 'हँगोर'च्या शोधमोहिमेत होतं.

गैरसमज : लढाऊ विमान असूनही ते हरलं.

वस्तुस्थिती : अलिझे लढाऊ विमान नव्हतंच. पाणबुडी शोधायची तर समुद्रावर कमी उंचीवरून, सावकाश आणि तासन् तास घिरट्या घालाव्या लागतात. पाण्यात सोनोबॉय म्हणजे आवाज टिपणारी तरंगती यंत्रं टाकायची, त्यांनी टिपलेला पाणबुडीचा आवाज रेडिओवरून ऐकायचा आणि ठिकाण पक्कं करायचं, हे त्याचं काम. पोटाखालचं रडार समुद्राचा पृष्ठभाग न्याहाळण्यासाठी होतं. एक पंख्याचं इंजिन, वेग फार तर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि हवेतल्या लढाईसाठी एकही तोफ नाही. समोर आलं ते आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं पाकिस्तानी हवाई दलाचं एफ-१०४ स्टारफायटर. अशा गाठीत वैमानिकाच्या कौशल्याला वावच उरत नाही. टेहळणी विमानाला लढाऊ विमानांचं संरक्षण का लागतं, ते इथे कळतं.

गैरसमज : पाणबुडी निसटली, म्हणजे मोहीम वाया गेली.

वस्तुस्थिती : 'हँगोर' सुखरूप कराचीला परतली, हे खरं. पण डोक्यावर विमानं आणि मागावर जहाजं असली की पाणबुडीला खोल दडून राहावं लागतं. तिची हालचाल मंदावते, बॅटरी खर्ची पडते आणि दुसरं जहाज गाठणं अवघड होतं. पाणबुडीला असं दाबून ठेवणं हाही शोधमोहिमेचा हेतू असतो.

गैरसमज : हा विषय तेव्हाच संपला.

वस्तुस्थिती : युद्धानंतर न परतलेल्यांच्या यादीत रॉय यांचं नाव आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचंही नाव त्याच यादीत आहे. यादीतल्या अशा माणसांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले.

'विक्रांत' २०१४ मध्ये दारुखान्यात मोडीत निघाली तेव्हा मुंबईकर हळहळले. तेवढीच आपुलकी या तीन माणसांनाही मिळायला हवी. ४ डिसेंबरच्या नौदल दिनी 'खुकरी'च्या १९४ जणांचं स्मरण करताना रॉय, सिरोही आणि विजयन यांचीही नावं घ्यावीत, आणि शाळेतल्या मुलांना ते नेमकं कोणतं काम करताना गेले तेही सांगावं.