पोट न उघडता पोटात नळी

गिळता न येणाऱ्या बाळाच्या जठरात दूध पोचवणारी नळी बसवायची, तर पूर्वी पोट उघडावं लागे. १९७९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. तोंडावाटे दुर्बीण घालून जठर हवेने फुगवायचं. दुर्बिणीचा उजेड पोटाच्या कातडीतून दिसला की तिथेच सुई टोचायची. सुईतून आत सोडलेला दोरा तोंडातून बाहेर काढायचा, त्याला नळी बांधायची आणि पोटाकडून ओढायची. नळीचं रुंद टोक जठरातच अडकून राहतं. (साधंच, पण सुचायला हवं!) मोठ्यांमध्ये आज सर्रास वापरली जाणारी ही ‘पेग’ पद्धत मुळात लहानग्यांसाठी जन्मली. सुईच्या वाटेत, जठर आणि कातडीच्या मधे, आतडं सापडण्याची भीती असेल, तर मात्र लॅप्रोस्कोपने, म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रातून घातलेल्या दुर्बिणीने, बघत बघत टोचलेलं बरं.