सायकलचे ब्रेक रबर घरच्या घरी कसे बदलायचे? व्ही-ब्रेकची संपूर्ण माहिती, स्टेप बाय स्टेप

आपण इथे एरवी फोन, ॲप आणि सेटिंग्जबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो मी खूप दिवसांपासून लिहायचा ठरवला होता. कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, मी माझ्या सायकलचे पुढचे ब्रेक रबर स्वतः बदलले. एक व्हिडिओ पाहिला, तोही १.५ च्या स्पीडने. वीस मिनिटांत काम झालं. घरातल्या घरात लिव्हर दाबून पाहिला, चाक थांबलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी दहावीतला माझा धाकटा भाऊ तीच सायकल घेऊन क्लासला निघाला. आमच्या सोसायटीच्या गेटपासून मेन रोडपर्यंत चांगलाच उतार आहे. त्याने ब्रेक दाबला आणि रबर होल्डरमधून सरकून बाहेर पडलं. नशिबाने तो रस्त्यावर न जाता कडेच्या भिंतीवर गेला. हनुवटीला चार टाके पडले.

चूक पूर्णपणे माझी होती. मी डावा आणि उजवा होल्डर अदलाबदल करून बसवले होते आणि रबर अडकवून ठेवणारी छोटी पिन परत लावलीच नव्हती. ही चूक नेमकी काय होती आणि ती कशी टाळायची, हे या लेखात पुढे येईलच. काम अवघड नाही. पण ते नीट समजून करायचं काम आहे. चला तर मग, सुरुवात करूया.

आधी ओळखा: तुमच्या सायकलला कोणते ब्रेक आहेत?

चाकाजवळ फोनचा टॉर्च मारून बघा.

व्ही-ब्रेक: चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन उभे हात असतात आणि वरून एक केबल आडवी जाते. लिव्हर दाबला की दोन्ही हात आत येतात आणि रबर रिमला घासतं. हे डिझाइन शिमानो कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यात बाजारात आणलं. आज साध्या गिअर सायकलींमध्ये हेच जास्त दिसतं. हा लेख याच ब्रेकसाठी आहे.

कॅलिपर ब्रेक: टायरच्या वर एकाच बोल्टवर बसवलेला चिमट्यासारखा ब्रेक. रबर बदलायची पद्धत बरीचशी सारखीच आहे.

दांड्याचे ब्रेक: आजोबांच्या काळ्या सायकलला असायचे ते. केबलऐवजी लोखंडी दांड्या असतात. याचं काम वेगळं आहे.

डिस्क ब्रेक: चाकाच्या मध्यभागी, हबजवळ धातूची गोल चकती असते. यात रबर नसून पॅड असतात. आजची पद्धत डिस्कसाठी वापरू नका.

ब्रेक नेमकं करतो काय?

एवढं सगळं कशाला, असं वाटत असेल तर हा छोटा हिशोब बघा. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ८५ किलो धरा. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना तुमच्यात साधारण २००० ज्यूल ऊर्जा असते. थांबायचं म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती घर्षणातून उष्णता होऊन रबर आणि रिममध्ये जाते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून उतारावर ब्रेकची परीक्षा असते.

आता समजा, तुम्ही २०० मीटर उंचीचा घाट उतरताय. तेव्हा साधारण १ लाख ६६ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. थोडी हवेच्या विरोधात जाते, पण बाकीची ब्रेकलाच झेलावी लागते. ही एवढी उष्णता आहे की तिच्यात अर्धा लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल! आणि हे सगळं काम बोटाएवढे रबराचे चार तुकडे करतात.

पावसात आणखी एक भानगड होते. रिम ओली असली की रबराला आधी पाणी पुसून काढावं लागतं, मग पकड मिळते. शिवाय रस्त्यावरची बारीक वाळू रबर आणि रिमच्या मध्ये येते आणि सँडपेपरसारखी दोघांनाही झिजवते. म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ब्रेक बघायलाच हवेत.

रबर बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

- रबरावर आडव्या खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या तर बदला. काही रबरांवर झीज दाखवणारी रेघही असते.
- ब्रेक मारताना खरखर किंवा धातू घासल्याचा आवाज येतो.
- लिव्हर जवळजवळ हँडलला टेकतो.
- रबर दगडासारखं कडक आणि चकचकीत झालंय.

रबरात कधी कधी ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसतात. रबर जाड असेल तर टोकदार वस्तूने ते कण काढा, लगेच बदलायची गरज नाही.

काय काय लागेल?

- नवे ब्रेक रबर. जुनं रबर दुकानात सोबत घेऊन जा, म्हणजे चुकीचं येणार नाही
- ५ एमएमची ॲलन की. काही सायकलींना त्याऐवजी १० चा पाना लागतो
- स्वच्छ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल
- जुन्या, बंद झालेल्या एटीएम कार्डाची कापलेली पट्टी
- तुमचा फोन

टीप: अल्कोहोल नाही म्हणून हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर रिमवर राहतो. गंज काढायचा स्प्रे किंवा तेल तर रिमच्या आसपासही नको.

स्टेप १: काहीही खोलण्याआधी फोटो काढा

दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा. वॉशर कोणत्या क्रमाने आहेत, रबराचं कोणतं टोक पुढे आहे, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. ऑफिसमध्ये आम्ही कोड बदलण्याआधी जुनं व्हर्जन सेव्ह करतो, तसंच हे. मी त्या दिवशी फोटो काढला असता तर भावाची हनुवटी वाचली असती.

एका वेळी एकाच बाजूचं काम करा. अडकलात तर दुसरी बाजू बघायला शिल्लक राहते.

स्टेप २: ब्रेक सैल करा

केबल ज्या वाकड्या धातूच्या नळीतून येते, ती एका खोबणीत अडकलेली असते. एका हाताने दोन्ही ब्रेक हात आत दाबा आणि दुसऱ्या हाताने ती नळी मागे ओढून खोबणीतून सोडवा. ब्रेक उघडेल. यासाठी केबलचा बोल्ट खोलायची गरज नाही.

स्टेप ३: जुनं रबर काढा, रिम पुसा

ॲलन कीने नट सोडवा. वॉशर काढाल त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा. यात काही वॉशर एका बाजूने खोलगट आणि काही फुगीर असतात. ते एकमेकांत बसतात, म्हणूनच रबर थोडं तिरकं फिरवता येतं. जाड वॉशर आत होता की बाहेर, तेही लक्षात ठेवा.

मग रिमचा तो पट्टा, जिथे रबर घासतं, अल्कोहोलने स्वच्छ पुसा. कापड काळंकुट्ट होईल, ते नॉर्मल आहे. पुसताना बोट फिरवून बघा. पट्टा आतल्या बाजूला वाटीसारखा खोलगट लागतोय का? तसं असेल तर रिम झिजलीय. अशी रिम ब्रेक मारताना फाटू शकते. मग नवं रबर लावून उपयोग नाही, सायकल दुकानात न्या.

स्टेप ४: नवं रबर बसवा (सगळ्यात महत्त्वाचं!)

रबर दोन प्रकारचे असतात. एकात रबर आणि बोल्ट एकत्रच येतो. दुसऱ्यात धातूचा होल्डर असतो आणि रबर त्यात सरकवून पिनने किंवा छोट्या स्क्रूने अडकवलेलं असतं.

होल्डरवाल्या प्रकारात होल्डरचं एक टोक बंद आणि एक उघडं असतं. बंद टोक सायकलच्या पुढच्या दिशेला आणि उघडं टोक मागे. कारण सोपं आहे. ब्रेकजवळ रिम पुढच्या दिशेने फिरते, त्यामुळे ब्रेक मारला की ती रबराला पुढे ओढते. पुढे बंद टोक असेल तर रबर तिथे अडतं. उघडं टोक पुढे असेल आणि पिनही नसेल, तर रबर सरळ बाहेर. माझ्याकडून नेमकं हेच झालं होतं. घरात हाताने चाक फिरवून पाहिलं तेव्हा ओढ एवढी कमी होती की रबर हललं नाही. उतारावर पहिल्याच जोरदार ब्रेकला ते निघालं.

बऱ्याच रबरांवर डाव्या-उजव्या बाजूची इंग्रजी अक्षरं आणि बाण असतो. बाण पुढच्या दिशेला ठेवा. पिन लावल्यावर रबर बोटाने जोरात ओढून बघा.

स्टेप ५: उंची आणि कोन

रबर पूर्णपणे रिमच्या पट्ट्यावर बसलं पाहिजे. वर सरकलं तर टायरला घासेल आणि टायर कापून फुटू शकतो. खाली गेलं तर आऱ्यांमध्ये घुसायची भीती.

आता एटीएम कार्डाची पट्टी घ्या. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच. ती रबराच्या मागच्या टोकाखाली, रबर आणि रिमच्या मध्ये धरा. ब्रेक हात रिमवर दाबून धरा आणि नट आवळा. पट्टी काढल्यावर रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल, मागचं किंचित नंतर. त्यामुळे ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज बराच कमी होतो.

आवळताना रबर नटाबरोबर फिरतं, म्हणून ते हाताने घट्ट धरा. शिमानोच्या व्ही-ब्रेकसाठी हा नट ६ ते ८ न्यूटन-मीटर आवळायचा असतो. टॉर्क पाना नसेल तर छोट्या ॲलन कीने हाताने घट्ट होईल एवढं पुरे. पायाने वगैरे जोर लावू नका.

स्टेप ६: अंतर जुळवा

वाकडी नळी परत खोबणीत बसवा. नवं रबर जाड असल्यामुळे ती बसत नसेल, तर लिव्हरजवळचा गोल ॲडजस्टर आत फिरवून केबल सैल करा. दोन्ही बाजूंना रबर आणि रिममध्ये साधारण १ मिलिमीटर अंतर हवं.

एकच बाजू घासतेय? प्रत्येक ब्रेक हाताच्या खाली एक छोटा स्क्रू असतो. घासणाऱ्या बाजूचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने अर्धा फेरा फिरवा, लिव्हर दोन-तीनदा दाबा आणि परत बघा. तो हात रिमपासून लांब जाईल.

फोनची ट्रिक: चाक फिरवा आणि वरून स्लो मोशन व्हिडिओ घ्या. अंतर एकसारखं राहतंय की रिम डावी-उजवीकडे डोलतेय, हे लगेच कळतं. डोलत असेल तर दोष ब्रेकचा नाही, रिमचा आऊट काढावा लागेल. ते काम सायकलवाल्या काकांकडेच द्या.

स्टेप ७: टेस्ट केल्याशिवाय रस्त्यावर नाही

१. उभ्या सायकलवर लिव्हर पूर्ण ताकदीने १० वेळा दाबा. तो हँडलला टेकता कामा नये.
२. नळी खोबणीत पूर्ण बसलीय ना, हे डोळ्यांनी बघा.
३. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पुढचं चाक जागेवर राहून मागचं उचललं गेलं पाहिजे.
४. मागचा ब्रेक दाबून ढकला. मागचं चाक न फिरता घासत गेलं पाहिजे.
५. परत एकदा चारही रबर, पिन आणि नट तपासा.

मग सपाट, रिकाम्या जागेत चालवा. थोडा वेग घ्या, हळू करा, असं १०-१५ वेळा. नव्या रबराचा पृष्ठभाग रिमशी जुळायला एवढं लागतंच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही बाजूंचे रबर एकदम बदलायचे का?
एका चाकाची जोडी एकदमच बदला. पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या वेळी चालेल.

पुढचा ब्रेक मारला तर माणूस उलटतो ना?
झटक्यात दाबला तर उलटू शकतो. पण ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबायची सवय लावा.

केबलच्या तारा सुटल्यात, चालेल?
नाही. एक तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदला.

अशीच पद्धत बाइक किंवा कारला चालेल?
नाही. तिथे वजन आणि वेग दोन्ही कितीतरी जास्त असतात आणि बहुतेक ठिकाणी ब्रेक ऑइलवर चालतात. ते काम गॅरेजमध्येच करा.

शेवटी एवढंच

माझा भाऊ आता कॉलेजला आहे. हनुवटीवरची खूण अजून दिसते. मागच्या महिन्यात त्याने स्वतःच्या सायकलचे रबर स्वतः बदलले. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाला, "दादा, तू फक्त फोटो काढ." काम झाल्यावर मात्र मला बोलावून म्हणाला, प्रत्येक पिन ओढून बघ. मी सगळ्या ओढून बघितल्या. त्याने स्वतः परत एकदा बघितल्या. मग आम्ही खाली गेलो.

तुम्हीही ब्रेक बदलले की दुसऱ्या कुणाला तरी एकदा तपासायला सांगा. पाच मिनिटं लागतात. आणि सायकल दुसऱ्याला देण्याआधी पहिली फेरी तुम्ही स्वतः मारा.