पावसाळा आणि पाळीव सरड्याची कातडी

तळोज्यात पावसाळ्यात घरातल्या भिंतींनाही बुरशी येते. अशा घरातल्या काचेच्या पेटीत ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला बिअर्डेड ड्रॅगन ठेवला, तर त्याच्या कातडीचे हाल होणारच. ओल्या, घाणेरड्या तळावर टेकून राहिलेल्या पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारखे जिवाणू आत शिरतात आणि कातडी तपकिरी, मग काळी पडून कुजते. उपचार लांबले तर संसर्ग रक्तात उतरतो.

2008 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी वर्णन केलेला डेव्हरिसिया अ‍ॅगॅमारम हा जिवाणू त्यांहून कावेबाज. बिअर्डेड ड्रॅगन तो तोंडात बाळगून स्वतः बहुधा ठणठणीत राहतो. शेजारच्या काटेरी शेपटीच्या सरड्याच्या ओठांभोवती मात्र जाड खपल्या धरतात. ओल्या वाळूत हा जिवाणू कित्येक महिने तग धरतो. तेव्हा हौस कितीही असो, दोन जाती एका पेटीत नकोत.

ऊब खाण्याची जागा 38 ते 40 अंशांची हवी, कारण थंड पडलेल्या सरड्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. हळद-तेल लावत बसू नका. खपलीखालचा नमुना तपासून घेऊन पशुवैद्यांनाच प्रतिजैविक ठरवू द्या.